गाडीच्या आधी प्लग, प्लगच्या आधी डीपी



गेल्या नाताळात शहरातल्या एका मंडळीच्या तरुण संघाने फोन करून विचारले, "ताई, आपल्या दवाखान्याला विजेवर चालणारी तीनचाकी घेऊन देऊ का? पैसे जमत आले आहेत." आनंदाचीच गोष्ट होती. पायथ्याच्या गावातून दिवस भरलेल्या बाईला आणायचे, लसींचा थंड डबा पाड्यावर न्यायचा, वसतिगृहाचा किराणा आणायचा, एवढ्यासाठी जीप काढली की डिझेलच्या बिलाने छाती दडपते. तरीही मी म्हटले, "गाडी थोडी थांबवा. आधी भिंतीतला प्लग करू." पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर कानावर आले की मंडळीत चर्चा झाली, मिशनवाल्यांना देणगी नकोशी झाली आहे काय?

तसे मुळीच नाही. थांबायला का सांगितले ते नीट लिहावे म्हणून हा लेख. लिहायला बसल्यावर लक्षात आले की विषय आपल्या दवाखान्यापुरता नाही. तुम्ही राहता त्या सोसायटीचा, तुमच्या चर्चच्या आवाराचा आणि सातपुड्यातल्या पाड्यांचा, असा तिघांचा तो आहे. आणि तिघांना एकच नियम तीन वेगळ्या तऱ्हांनी लागू पडतो.

आधी आमची स्वतःची चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या एका शिक्षिकेने विजेवरची स्कूटर घेतली. चार्जिंगसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला. आम्ही सगळ्यांनी ते रोज पाहिले, कोणी काही बोलले नाही. एका रात्री जळका वास आला म्हणून उठलो, तर बोर्डातली पिन वितळून प्लास्टिकला चिकटली होती. भिंतीपलीकडे लहान मुली झोपल्या होत्या. देवाच्या दयेने निभावले. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून इलेक्ट्रिशियन आला. त्याने बोर्ड उघडून दाखवला आणि म्हणाला, "ही एक एमएमची वायर ट्यूबलाइट-पंख्याची आहे. हिच्यावर गाडी लावता?" अर्थिंगचा खड्डा कधीकाळी केला होता, पण त्यात वर्षानुवर्षे पाणी पडलेले नव्हते.

मिक्सर पाच मिनिटे चालतो, इस्त्री अर्धा तास. गाडी मात्र तासन्‌तास सलग वीज ओढते. पिन जराशी सैल असेल तर पाच मिनिटांत काही कळत नाही. चार तासांत मात्र ती तापून वितळते. म्हणून गाडीचा प्लग हा घरातल्या इतर प्लगांसारखा धरून चालत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये आपल्या सुरक्षा नियमांत चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा भाग घातला. त्यातल्या काही अटी साध्या माणसालाही समजतील अशा आहेत. सॉकेट जमिनीपासून निदान 800 मिलिमीटर उंच असावे, म्हणजे पावसाचे पाणी आणि रांगते मूल दोन्ही तिथवर पोचत नाहीत. गाडी सॉकेटपासून पाच मीटरच्या आत उभी राहावी. एक्स्टेंशनची वायर वापरू नये. आणि करंट गळू लागला तर 30 मिलिअँपिअरवरच वीज तोडणारे उपकरण बसवावे. आपले वसतिगृह काही चार्जिंग स्टेशन नव्हे, पण या चारही अटी आम्ही कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावल्या आहेत. त्या रात्री यांपैकी एकही पाळलेली नव्हती.

डिप्लोमाच्या वर्गात अनुवादाचे पुस्तक शिकताना बाविसाव्या अध्यायातली एक आज्ञा आम्ही पटकन उलटून गेलो होतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. तेव्हा वाटले होते, यात काय शिकायचे? आज वाटते, इमारतीचा नियम म्हणजे काय हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. कठडा घर बांधतानाच करायचा असतो. कोणी पडल्यावर नव्हे.

भिंत उघडी आहे तोवर

विजेच्या गाड्यांसाठी इमारतींचे नियम नेमके याच विचारावर उभे आहेत. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने 2016 ची आदर्श इमारत उपविधी फेब्रुवारी 2019 मध्ये दुरुस्त केली. स्वतंत्र घरे सोडून इतर इमारतींत जेवढ्या गाड्या उभ्या राहू शकतात, त्यांतल्या 20 टक्के गाड्यांसाठी चार्जिंगची सोय धरावी, असे तिने सांगितले. शिवाय सगळे पॉइंट एकाच वेळी चालू आहेत असे धरून त्याच्या सव्वापट वीजभार इमारतीला मंजूर करून घ्यावा.

आकड्यांत पाहू. समजा तुमच्या नव्या सोसायटीत 50 गाड्यांची जागा आहे. वीस टक्के म्हणजे 10 पॉइंट. साधा पॉइंट 3.3 किलोवॉटचा. दहांचे 33 किलोवॉट, त्याचे सव्वापट 41.25. एवढा भार बिल्डरने पहिल्याच दिवशी मागितला तर मीटरची खोली, केबल, गरज पडल्यास ट्रान्सफॉर्मरची जागा, हे सारे नकाशातच बसते. नाही मागितला तर पाच वर्षांनी आठवा रहिवासी गाडी घेऊन येतो आणि वार्षिक सभेत भांडण पेटते. पहिल्या सात जणांनी आपापल्या मीटरवरून वायरी टाकलेल्या असतात, आणि आठव्याला सांगितले जाते की भार संपला. मग ज्याने उशिरा गाडी घेतली त्याच्यावरच सगळा खर्च टाकायचा का? या प्रश्नावर एकाच बाकावर बसणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

आदर्श उपविधी हा नमुना असतो. राज्याने तो आपल्या नियमांत घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडली तर बहुतेक ठिकाणी 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. आधी ठिकठिकाणचे नियम निराळे होते. आता नाशिकच्या आर्किटेक्टला नंदुरबारचा नकाशा काढताना नवे पुस्तक शोधावे लागत नाही. तिच्या जोडीला राज्याचे 2021 चे विद्युत वाहन धोरण आले. 2022 पासूनच्या नव्या निवासी प्रकल्पांत किमान 20 टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज असाव्यात आणि संस्था व व्यापारी संकुलांत 25 टक्के, अशी अपेक्षा त्यात लिहिली होती.

इथे 'सज्ज' हा शब्द महत्त्वाचा. सज्ज म्हणजे चार्जर विकत आणून लावणे नव्हे. सज्ज म्हणजे मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवणे, पॅनेलमध्ये जागा सोडणे आणि भार मंजूर करून घेणे. पुढे गाडी आली की त्या पाइपातून वायर ओढायची. भिंत उघडी असताना पाइपाला फार पैसे पडत नाहीत. तीच भिंत नंतर फोडायची, फरशी उखडायची, पुन्हा रंग काढायचा म्हटले की खर्च किती होतो ते घर बांधलेल्या कोणालाही विचारा.

ज्या मंडळ्या यंदा सभागृह किंवा पाळकांचे घर बांधत आहेत, त्यांच्या बांधकाम समितीला माझी विनंती आहे. नियम तुमच्या इमारतीला बंधनकारक असो वा नसो, आर्किटेक्टला हा एक प्रश्न विचाराच: पाइप कुठून कुठे जाणार?

आम्हीही तो विचारला. मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या नकाशात गाड्यांची जागा स्वयंपाकघराच्या मागे, गॅसच्या टाक्यांना लागून दाखवली होती. आर्किटेक्टभाऊ आपलेच हितचिंतक आहेत, फी न घेता काम करतात, त्यामुळे बोलायला संकोच वाटला. पण बोललो. आता ती जागा फाटकाजवळ, झोपण्याच्या खोल्यांपासून दूर आली आहे. तिथे छप्पर असेल, चार एमएमची स्वतंत्र वायर येईल आणि वेगळा एमसीबी असेल.

परवानगी कोणाची, आणि किती दिवसांत

पुष्कळांचा असा समज आहे की चार्जिंग पॉइंट लावायला पेट्रोल पंपासारखा परवाना लागतो. लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 13 एप्रिल 2018 रोजी स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीज विकणे नव्हे. त्यामुळे वीज कायद्याखाली परवान्याची गरज नाही. चहाची टपरी चालवणाऱ्यानेही सुरक्षेच्या अटी पाळून चार्जिंग सुरू करावे. आपल्या घरी, आपल्याच मीटरवर गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी पॉइंट काढायचा असेल तर चार्जिंगचा वेगळा दरवर्ग राज्यात आहे आणि त्यासाठी वेगळा वीजजोड घेता येतो.

म्हणजे खरी परवानगी वीजजोडाची. त्यासाठी मुदती ठरलेल्या आहेत. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत 2024 मध्ये दुरुस्ती झाली. पूर्ण अर्ज दिल्यापासून महानगरात तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात सात दिवस आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत नवा जोड द्यावा, असे ती सांगते. पूर्वी हे आकडे सात, 15 आणि 30 होते. डोंगराळ ग्रामीण भागात मात्र मुदत 30 दिवसांचीच राहिली.

डोंगर म्हटल्यावर दिवस वाढले, याचे मला वाईट वाटत नाही. चांदसैली घाटातून पावसाळ्यात खांब नेणाऱ्या लाइनमनची कसरत मी पाहिली आहे. अडचण दुसरीकडे आहे. वीज कायदा 2003 च्या 43 व्या कलमात वीज देण्याच्या कर्तव्याबरोबर एक सवलतही आहे. जिथे मुख्य लाइन वाढवावी लागते किंवा नवे उपकेंद्र उभारावे लागते, तिथे ते काम होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. आणि ज्या पाड्यावर विजेची काहीच सोय नाही, तिथे आयोग मुदत आणखी वाढवू शकतो. शहरातल्या अर्जदाराच्या दारात लाइन असते, त्याचे तीन दिवस लगेच मोजायला लागतात. पाड्यावरच्या माणसाचा घड्याळाचा काटा खांब येईपर्यंत हलतच नाही.

मग डीपीचा प्रश्न. तुमच्यापैकी जे शिबिराला येऊन गेलेत त्यांना गावाच्या तोंडाशी दोन खांबांवर टांगलेला डीपी आठवत असेल. समजा तो 63 केव्हीएचा आहे. महामार्गावर दिसतो तसा 60 किलोवॉटचा एक फास्ट चार्जर त्यावर लावला, तर तो चालू असेपर्यंत गावाने अंधारात बसायचे. याउलट आपल्या तीनचाकीला 3.3 किलोवॉट पुरतात. आठ युनिटांची बॅटरी रात्री तीनेक तासांत भरते, आणि रात्री गिरणी बंद असते, टीव्ही बंद असतात. म्हणून आमच्या भागात वेगाच्या चार्जरची स्वप्ने दाखवणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. आम्हाला हळू चार्जिंग हवे आहे, पण खात्रीचे हवे आहे. लाइनच्या टोकाला व्होल्टेज खाली गेले की चार्जर मध्येच बंद पडतो, आणि पहाटे बाळंतिणीसाठी बोलावणे आले की बॅटरी अर्धीच असते. जीपमध्ये डिझेल आहे की नाही ते काटा बघून कळते. रात्री तीन वाजता वीज गेली होती हे मात्र सकाळीच कळते.

नकाशावर कोण आहे

चार्जिंग स्टेशन कुठे उभारायचे हे बाजारावर सोडले तर ती सगळी मॉलमध्ये उभी राहतील. म्हणून केंद्राने डिसेंबर 2018 मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. शहरात तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक स्टेशन, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर एक, आणि लांब पल्ल्याच्या व जड गाड्यांसाठी दर 100 किलोमीटरवर एक. सुरुवात 40 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करायची, मग राज्यांच्या राजधान्या. ही तत्त्वे 2019, 2022 आणि 2024 मध्ये सुधारून आली.

महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणाने 2025 पर्यंतची उद्दिष्टे शहरवार दिली होती. बृहन्मुंबई प्रदेशात 1,500 स्टेशने, पुण्यात 500, नागपुरात 150, नाशिकला 100, औरंगाबादला 75, अमरावतीला 30 आणि सोलापूरला 20. बेरीज करा, 2,375 होतात. जोडीला मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, मुंबई–नागपूर आणि पुणे–नाशिक हे चार रस्ते. या यादीत नंदुरबार नाही, गडचिरोली नाही, पालघरचे जव्हार-मोखाडा नाही, मेळघाट नाही.

यात कोणाचा दुष्टावा आहे असे मला वाटत नाही. जिथे गाड्या आहेत तिथून सुरुवात केली, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण हा हिशेब स्वतःला खरा करत जातो. जिथे चार्जिंग नाही तिथे कोणी गाडी घेत नाही, गाड्या नाहीत म्हणून पुढच्या यादीतही नाव येत नाही. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय सांगितली आहे. आमच्या जिल्ह्याला त्याचा लाभ होईल, पण कोणत्या भागाला ते बघा. सुरत–धुळे महामार्ग नवापूर तालुक्यातून जातो. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहाद्यावरून जातो. हे दोन्ही रस्ते खालच्या बाजूचे. धडगाव आणि मोलगी वर डोंगरात आहेत. 25 किलोमीटर हे रस्त्याच्या लांबीने मोजले जातात. रस्त्यापासून आत किती जावे याचे माप कुठे लिहिलेले नाही. आजही वरच्या पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत खाली आणतात. त्या झोळीचा हिशेब कोणत्याच चौकोनात बसत नाही.

इमारतींच्या नियमांचेही तसेच आहे. वर लिहिले, की 20 टक्क्यांची अट स्वतंत्र घरांना लागू नाही. पाड्यावरचे प्रत्येक घर स्वतंत्रच असते, घरकुल योजनेतलेसुद्धा. म्हणजे शहरात बिल्डरवर जे काम टाकले आहे, ते इथे टाकायला कोणीच नाही. आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत कार्यालय आणि आपल्यासारख्या संस्थांच्या इमारती, एवढ्याच जागा उरतात. म्हणूनच आमच्या त्या एका पाइपाला मी एवढे महत्त्व देते.

आता जमिनीविषयी. हा भाग सावकाश वाचा, कारण यात आपल्या लोकांचे नुकसान होऊ शकते.

महामार्गालगत जमीन असलेल्या एका तरुणाने मला विचारले, "ताई, एक माणूस आला होता. चार्जिंगसाठी जागा भाड्याने मागतो, सही करू का?" मी त्याला आधी सातबारा आणायला सांगितला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ सांगते की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणे, दान देणे, गहाण टाकणे किंवा भाडेपट्ट्याने देणे, यांपैकी काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय चालत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकारी मंजुरी देऊ शकतात. त्यापुढच्या व्यवहाराला राज्य शासनाची आधी मान्यता लागते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर केलेला करार या कायद्यापुढे टिकत नाही. पण तो करार मोडेपर्यंत जमिनीवर काँक्रीट पडलेले असते.

मग त्याने संधी सोडायची का? मुळीच नाही. परवाना लागत नाही हे आठवा. तो स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या नावाने वीजजोड घेऊन स्वतःचा पॉइंट काढू शकतो. जमीन कोणाकडे जात नाही, म्हणून कलम 36-अ आडवे येत नाही. शेतजमिनीचा वापर बदलतो का, त्यासाठी काय कागद लागतात, हे तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात आधी विचारावे लागेल; आणि भांडवल लागेल. बचत गटांच्या संघाशी आमचे त्यावर बोलणे चालू आहे. कंपनीच्या माणसाला मात्र त्याने अजून सही दिलेली नाही, आणि ते बरेच झाले.

वनजमिनीवरच्या पाड्यांची वाट वेगळी आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावासाठी 13 प्रकारच्या सोयींना वनजमीन देता येते. प्रत्येक सोयीला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी 75 हून अधिक झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांबरोबर त्या यादीत विजेच्या तारा आहेत आणि अपारंपरिक ऊर्जाही आहे. चार्जिंग हा शब्द तिथे नाही; 2006 मध्ये तो कोणाच्या मनात असणार? पण तारा आल्या, सौर पॅनेल आले, की 3.3 किलोवॉटचा प्लग वेगळा मागावा लागत नाही. म्हणून वनजमिनीवरच्या पाड्याने चार्जिंग स्टेशन मागू नये, लाइन मागावी. मागणी कोणत्या शब्दांत लिहिली यावर फाइलीचे नशीब ठरते, हे वीस वर्षांत शिकले आहे.

तुमच्या देणगीचे काय

तरुण संघाने जमवलेली रक्कम वेगळ्या नावाने जमा आहे, तिला हात लावलेला नाही. त्यांच्या संमतीने त्यातला थोडा भाग आधी विजेच्या कामाला वापरत आहोत: दवाखान्याचा मंजूर भार वाढवणे, नवे अर्थिंग, फाटकाजवळचा सॉकेट आणि त्यावर छप्पर. भार वाढवण्याचा अर्ज दिला आहे. लाइनमन येऊन डीपी पाहून गेला. सध्याच्या डीपीवर एक तीनचाकी चालेल, दुसरी नाही, असे त्याचे मत पडले. हे काम पुरे झाले आणि महिनाभर रात्रीचे व्होल्टेज लिहून पाहिले की तीनचाकी घेऊ. ती सपाटीवरच्या गावांत चालेल. घाट चढायला जीपच लागेल, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाचा विरस नको. इलेक्ट्रिकल इंजिनिअर असलेल्या कोणा हितचिंतकाने दोन दिवस येऊन वसतिगृहाचे वायरिंग तपासून दिले तर फार मोलाचे होईल. जेवण आणि मुक्काम आमच्याकडे.

डीपी मोठा व्हावा ही मागणी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आली पाहिजे, म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी गेले होते. विजेच्या गाडीचे नाव काढताच मागे बसलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "बाई, हातपंप चार महिने बंद आहे. तू गाडीचं काय सांगते?" सगळे हसले, मीही हसले, आणि मला उत्तर सुचले नाही. ते बरोबरच बोलत होते. हातपंपाचा ठराव आधी झाला.

नंतर सरपंचबाईंनी वायरमनला उभे करून विचारले, डीपी मोठा झाला तर काय काय चालेल? तो बोटे मोजत म्हणाला, नळपाण्याची मोटर चालेल, बचत गटाची मिरची कांडपाची मशीन चालेल, दवाखान्याचा फ्रीज रात्री बंद पडणार नाही, आणि ताईंची गाडीही चार्ज होईल. ठरावात त्यांनी याच क्रमाने लिहून घेतले. पाणी पहिले, गाडी शेवटी. त्यावर आजोबांनीही अंगठा उठवला.